संत्र्याच्या सालीसाठी घेतलेला ड्रायर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. मागच्या नोव्हेंबरात आंबिया बहराची तोडणी सुरू असताना मी सहा ट्रेंचा, ५०० वॅटचा विजेवर चालणारा ड्रायर घेतला. हेतू एकच होता: घरी जिनसाठी, म्हणजे ज्युनिपर या झाडाच्या फळांचा स्वाद असलेल्या मद्यासाठी, लागणारी संत्र्याची साल नीट वाळवणे. गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो की घरी भट्टी लावून मद्य गाळणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे, आणि मी त्या वाटेला जात नाही; परवान्यावर विकत घेतलेल्या ४२.८ टक्क्यांच्या व्होडकात मसाले भिजवून गाळून घेणे, एवढाच माझा उद्योग आहे. या पद्धतीच्या जिनला कंपाउंड जिन म्हणतात. ती किंचित पिवळसर दिसते आणि भिजवलेल्या जिनसांचे गुणदोष लपवत नाही, म्हणून सगळी मेहनत त्या जिनसांच्या तयारीवरच करावी लागते.

ड्रायरने काय दिले हे सांगण्याआधी सालीविषयी लिहिणे भाग आहे, कारण पहिल्या दोन घाण्यांत चूक यंत्राची नव्हती, माझीच होती. परदेशी कृतींमध्ये सालकाढणीने वरचा पातळ पापुद्रा सोलावा असे सांगितलेले असते. ते घट्ट सालीच्या लिंबूवर्गीय फळांना ठीक आहे. आपल्या नागपुरी संत्र्याची साल गरापासून सुटी आणि पोकळ असल्याने सालकाढणी तिच्यावर धरच घेत नाही, घसरून बोटावर येते. शेवटी मी हाताने सोललेली साल पाटावर पालथी पसरून आतला पांढरा, स्पंजासारखा थर स्टीलच्या चमच्याच्या कडेने खरवडू लागलो. हा थर राहिला तर जिनमध्ये जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कडवटपणा उतरतो. सुगंधी तेल सगळे बाहेरच्या केशरी भागातल्या बारीक ग्रंथींमध्ये असते, त्यामुळे खरवडल्याने गमावण्यासारखे काही नाही. साल ज्या झाडांवर अलीकडे फवारणी झालेली नाही अशाच झाडांची घेतो. बाजारातली चकाकणारी, मेण लावलेली फळे मात्र या कामासाठी घेऊ नयेत.

आता यंत्र. त्याची सर्वांत मोठी खोट म्हणजे तापमानाची चकती. ती ४५ अंशांवर ठेवली असता आत ठेवलेल्या साध्या थर्मामीटरने ५२ अंश दाखवले, आणि एवढ्या उष्णतेत वाळलेली साल दिसायला सुंदर पण वासाला बोथट निघाली. तेव्हापासून मी चकती ४० वर ठेवतो, म्हणजे आत ४६ च्या आसपास भरते. दहा तासांत साल अशी वाळते की वाकवली तर लवचत नाही, कट्‌कन मोडते. किलोभर ओल्या सालीची पाव किलोच्या आत-बाहेर कोरडी साल होते. पंखा तळाशी असल्याने खालचे ट्रे आधी वाळतात, म्हणून दर तीन तासांनी वरचे खाली करावे लागतात. यंत्र लावून शेतावर निघून जावे ही सोय यात नाही. गावात संध्याकाळी विजेचा दाब उतरतो तेव्हा पंखा मंदावतो आणि साल वाळण्याऐवजी उबते, म्हणून घाणा पहाटेच लावतो. एका ट्रेची जाळी तिसऱ्याच महिन्यात तुटली. विक्रेत्याला दोनदा कळवूनही उत्तर आले नाही, तेव्हा ती तांब्याच्या तारेने मीच शिवली. एका घाण्याला फार तर पाच युनिट वीज लागते.

एवढा खटाटोप कशाला, आपल्याकडे ऊन काय कमी आहे, हा प्रश्न घरातही झाला. म्हणून फेब्रुवारीत मृग बहराच्या फळांवर तीन बाटल्यांचा ताळा घेतला: एकीत ताजी साल, दुसरीत गच्चीवर वाळवलेली, तिसरीत ड्रायरमधली. ताज्या सालीची जिन पहिल्या आठवड्यात सर्वांत टवटवीत होती, पण महिनाभरात तिचा तजेला उतरला, आणि पाणी घालताच तेल सुटून ती दुधाळ झाली. उन्हातल्या सालीचा रंग विटला होता आणि चव सुपारीच्या डब्यात राहिलेल्या सालीसारखी लागली. ड्रायरमधली साल जूनपर्यंत तशीच टिकली. शिवाय चैत्रात गच्ची कुरड्या-सरगुंड्यांची असते, आणि आईने स्पष्ट बजावले होते, “तुह्यं दारूचं सामान माह्या वाळवणाजवळ नको आणू.”

बाकीच्या जिनसांना ड्रायर लागत नाही, आणि त्यासाठी कोणी तो घेत असेल तर घेऊ नये. ज्युनिपर म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातली हपुषा. पहिल्यांदा नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेली फळे तपकिरी, टणक आणि निर्गंध होती. चांगले फळ निळसर काळे असते, टोकाला तीन रेघांची चांदणी दिसते आणि चिमटीत दाबले की चीडाच्या लाकडासारखा वास सोडत चिकट होते. तिच्या जातीची खात्री नसेल तर घेऊ नये, कारण ज्युनिपरच्या काही जाती विषारी आहेत. धणे मसाल्यासाठी भाजतो तसे भाजायचे नाहीत, नाहीतर जिनला आमटीचा वास येतो. दोन्ही खलबत्त्यात फक्त फुटतील इतकेच ठेचावेत. पूड झाली की फडक्यातून गाळ सुटत नाही.

सध्या माझे माप ७५० मिलीला १५ ग्रॅम हपुषा, ६ ग्रॅम धणे, दोन वेलदोडे आणि ज्येष्ठमधाचा नखाएवढा तुकडा असे आहे. हे ३० तास भिजल्यावर शेवटच्या सहा तासांसाठी दोन ग्रॅम साल टाकतो. साल आधीपासून घातली तर ती हपुषेला बोलूच देत नाही.

पावसाळ्यात कोरडी साल हवेतले पाणी लगेच ओढते. जुलैत एक बरणी सादळली, तेव्हा ती तासभर पुन्हा ड्रायरमध्ये फिरवली आणि मग घट्ट झाकणाच्या छोट्या बरण्यांत वाटून ठेवली. आर्वीचे मेहुणे पोळ्याला आले होते. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने बाटली त्यांच्याबरोबर जाऊ शकत नव्हती, तेव्हा त्यातलीच एक सालीची बरणी चहासाठी म्हणून घेऊन गेले.