नाशिकच्या हवेत इपॉक्सी : अराल्डाइट एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१

शिडाची जुनी लाकडी होडी घरी दुरुस्त करायला घेतली की लाकूड, रंग, शीड यांच्याही आधी गोंदाचा प्रश्न उभा राहतो. खास होड्यांसाठी बनवलेली परदेशी इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळले की घट्ट होणारे गोंद, उत्तम असतात, परंतु ती मागवण्याचा खर्च घरगुती कामाला झेपणारा नसतो. आम्ही उभयतांनी त्याऐवजी फायबरग्लासचे काम करणाऱ्या कारखान्यांत सर्रास वापरले जाणारे अराल्डाइट एलवाय ५५६ हे रेझिन आणि त्याच्या जोडीचे एचवाय ९५१ हे हार्डनर निवडले. नाशिकमध्ये ते सातपूर औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील रसायनविक्रेत्याकडे सहज मिळाले. आमच्या होडीचा तळ, सांधे आणि काठ आज याच जोडीच्या बळावर उभे आहेत. मजबुतीबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. मात्र हे रसायन होडीसाठी किंवा हौशी माणसांसाठी बनवलेले नाही, आणि नाशिकची हवा त्याला वर्षातले मोजकेच महिने मानवते, हे विकत घेण्यापूर्वी समजून घ्यायला हवे.

होडी एंटरप्राइझ वर्गातील आहे. ब्रिटिश होडी-रचनाकार जॅक होल्ट यांनी १९५६ साली आखलेली ही दोघांनी चालवायची होडी ४.०४ मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद असून तिच्या रिकाम्या सांगाड्याचे वजन सुमारे ९४ किलो भरते. निळी शिडे ही तिची ओळख. प्लायवूडच्या सपाट पट्ट्या वाकवून आणि एकमेकींना जोडून ती तयार होत असल्यामुळे घरच्या घरी बांधता येईल अशीच तिची रचना आहे. होल्ट यांच्या या विचाराबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण जी वस्तू घरी बांधता येते ती घरी दुरुस्तही करता येते. त्या काळातील प्लायवूडच्या होड्या बहुधा यूरिया-फॉर्मल्डिहाइड जातीच्या गोंदाने जोडलेल्या असत. हा गोंद सांधा अगदी घट्ट बसलेला असेल तरच चांगला धरतो आणि दशकांच्या ओलाव्याने ठिसूळ होतो. आमच्या होडीत सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या, पेटीभोवतीचा तळ कुजला होता आणि आतल्या आडव्या फळ्यांचे सांधे उघडे पडले होते. अशा ठिकाणी इपॉक्सीचा मोठा गुण उपयोगी पडतो: त्यात भर, म्हणजे बारीक भुकटी, घालून ते घट्ट केले, तर सांध्यातील फटही ते ताकदीनिशी भरून काढते.

रेझिनच्या वजनाच्या एक दशांश हार्डनर, हे या जोडीचे प्रमाण. ते लक्षात ठेवायला सोपे आहे, पण पाळायला अवघड. २०० ग्रॅम रेझिनला २० ग्रॅम हार्डनर लागते. त्यात ४ ग्रॅमची चूक झाली तर ती हार्डनरच्या हिशेबाने २० टक्क्यांची असते. फायबरग्लासच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर थोडे जास्त घातले की ते लवकर सुकते, हे अनेक कारागिरांच्या हातात बसलेले असते. इपॉक्सीला हा नियम लागू नाही. येथे रेझिन आणि हार्डनर यांचे रेणू एकमेकांना ठरावीक प्रमाणातच जोडले जातात आणि जास्तीचे जे असेल ते सांध्यात मऊ, चिकट होऊन कायमचे राहते. म्हणून ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान इलेक्ट्रॉनिक काटा हा या खरेदीचाच भाग मानावा. स्वयंपाकघरातील काट्यावर भिस्त ठेवू नये.

दोन माणसांची गरज येथूनच सुरू होते. आमच्याकडे वजन करण्याचे आणि मिसळण्याचे काम माझे पती करतात आणि लावण्याचे काम मी करते; ही वाटणी आम्ही कधी बदलत नाही, कारण रेझिनने माखलेला हातमोजा काट्याला लागला की पुढचे प्रत्येक वजन संशयास्पद होते. मिसळणारा माणूस वेळही पाहतो. मिश्रण खोल भांड्यात साठून राहिले तर रासायनिक क्रियेची उष्णता आतच कोंडते, क्रिया आणखी वेगाने होते आणि भांडे हाताला चटका बसेल इतके तापते. मिसळून होताच ते पसरट ताटलीत ओतले तर उष्णता निघून जाते आणि काम करायला बराच अधिक अवधी मिळतो. एकट्याने काम करणाऱ्याला मोजणे, ढवळणे, ओतणे, लावणे आणि सांधा आवळणे हे सगळे त्या अवधीत बसवणे कठीण आहे.

आता हवेविषयी, कारण या रसायनाचे सगळे गुणदोष नाशिकमध्ये हवेवरच ठरतात. एलवाय ५५६ मुळातच दाट आहे. २५ अंश सेल्सिअसला ते काकवीसारखे संथ ओघळते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट १० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जाते आणि निफाडच्या बाजूला तर त्याहून जास्त थंडी पडते. अशा वेळी रेझिन ब्रशला दाद देत नाही, लाकडात मुरत नाही आणि घट्ट होण्याची क्रिया जवळजवळ थांबते. उलट एप्रिलमध्ये दुपारी ते पातळ होऊन छान मुरते, पण हाताशी वेळ राहत नाही, कारण तापमान साधारण १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. थंडीवर उपाय म्हणून रेझिनचा डबा कोमट पाण्यात ठेवून ते पातळ करता येते. मात्र गरम रेझिनलाही तोच वेगाचा नियम लागू असल्यामुळे एका वेळी थोडेच मिसळावे. थिनर घालून पातळ करण्याचा सल्ला दुकानात मिळू शकतो, तो मानू नये. थिनरचा काही भाग थरात अडकून राहतो आणि थर कमकुवत होतो.

लाकडावरचा पहिला, भर न घातलेला हात संध्याकाळी, तापमान उतरत असताना द्यावा. सकाळी लाकूड तापू लागते तशी त्याच्या छिद्रांतील हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ताज्या थरात बुडबुडे उठतात. संध्याकाळी हीच हवा आकुंचन पावते आणि रेझिन आत ओढले जाते. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा फरक नुसत्या नजरेला दिसला: संध्याकाळी दिलेला थर काचेसारखा सपाट बसला आणि प्लायवूडच्या कडांनी, जिथून पाणी सर्वांत आधी शिरते, रेझिन अक्षरशः पिऊन टाकले. ही होडी गोड्या पाण्यावर राहणार आहे, म्हणून कडांची काळजी अधिक घ्यावी लागते. खारे पाणी कुजवणाऱ्या बुरशीला काही प्रमाणात अटकाव करते, पण तळाशी साचलेले पावसाचे किंवा धरणाचे पाणी असा अटकाव करत नाही.

पावसाळ्यात या जोडीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एचवाय ९५१ हे अमाइन जातीचे हार्डनर असल्यामुळे दमट हवेत ते ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते आणि सुकत्या थरावर मेणचट, तेलकट साय धरते. त्या सायीवर दिलेला पुढचा हात किंवा रंग धरत नाही. ही साय पाण्यात विरघळते, त्यामुळे ती साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने आधी धुवावी, कोरडी करावी आणि मगच पॉलिश पेपर मारावा. धुण्याआधी घासले तर ती पृष्ठभागात आणखी पसरते. शिवाय पावसाळ्यात लाकूडच ओले असते. लाकडातील ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या खाली नसेल, तर इपॉक्सीचा थर पाण्याला बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडून ठेवतो. आम्ही पावसाळा जुना रंग खरवडण्यासाठी आणि कुजलेला भाग कापून काढण्यासाठी वापरला, सांधे दिवाळीनंतर जोडले आणि वरचे हात द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत दिले. नाशिकमध्ये कोणी हे काम करणार असेल, तर मी हेच वेळापत्रक सुचवीन.

रेझिनइतकेच महत्त्व त्याच्याखालच्या प्लायवूडला आहे. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ या एका शब्दाखाली बरेच काही विकले जाते; तक्त्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असल्याशिवाय तो होडीसाठी घेऊ नये. या मानकात नमुना ७२ तास उकळून त्याचे थर सुटतात का, हे पाहिले जाते. घरी जुन्या पातेल्यात तुकडा काही तास उकळून पाहिला तरी निकृष्ट माल ओळखू येतो. तक्ता ८ फूट लांब, म्हणजे २.४४ मीटर मिळतो आणि होडी ४.०४ मीटर, त्यामुळे तळाची पट्टी पूर्ण लांबीची हवी असेल तर दोन तक्ते तिरकस उतार काढून जोडावे लागतात. उतार जाडीच्या आठपट ठेवतात. ६ मिलिमीटरच्या प्लायला ४८ मिलिमीटर. रंध्याने हा उतार काढायला हात स्थिर लागतो. पण नीट जोडलेल्या सांध्यावर पट्टी वाकवून पाहिली तेव्हा ती अखंड तक्त्याप्रमाणे एकसारखी वळली, आणि या रसायनावर माझा विश्वास बसला तो त्या वेळी. सी-क्लॅम्प मात्र हलकेच आवळावेत. जोर लावला तर सगळे रेझिन पिळून बाहेर येते आणि सांधा कोरडा राहतो.

पट्ट्या जागेवर धरून ठेवण्यासाठी तांब्याची तार जुन्या नाशकातील भांडी बाजारात मिळाली. काठाला लावलेला साग वखारीतून आणला. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून जोडण्याच्या थोडेच आधी त्यावर ॲसिटोनचे फडके फिरवले नाही तर सांधा फसवा ठरतो. आतल्या कोपऱ्यांसाठी रेझिनमध्ये बारीक चाळलेला लाकडाचा भुसा आणि थोडी फ्यूम्ड सिलिका (मिश्रण दाट करणारी अतिशय बारीक भुकटी) मिसळून लुकण केले. त्यात हे दाट रेझिन वरचढ ठरते, कारण उभ्या भागावरून ते ओघळत नाही.

दोन मर्यादा कोणत्याही जाहिरातीत ठळकपणे लिहिलेल्या नसतात. साध्या खोलीच्या तापमानाला घट्ट झालेले इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या गडद रंगाच्या होडीचा पृष्ठभाग या तापमानापर्यंत सहज पोहोचतो. गडद निळ्या रंगाचा मोह आवरून आम्ही बाहेरून पांढरा रंग दिला. दुसरे म्हणजे, सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळे पडून भुसभुशीत होते, म्हणून लाकूड दिसावे अशी इच्छा असेल तेथे वरून अतिनील किरण अडवणारे वॉर्निश द्यावेच लागते.

आरोग्याच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. एचवाय ९५१ त्वचेला जाळते आणि वारंवार संपर्क आला तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. एकदा ती झाली की हे काम सोडावे लागते. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, खेळती हवा आणि घासताना धुळीचा मास्क हे अनिवार्य आहे. त्वचेवर रेझिन पडले तर थिनरने पुसू नये, कारण थिनर ते त्वचेच्या आत नेतो; साबण आणि पाणी पुरे.

लहान डागडुजी करायची असेल, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे अराल्डाइटचे छोटे डबे पुरेसे आहेत. दोन्ही भाग समसमान घ्यायचे असल्याने मोजमापाची चिंता राहत नाही. तळाचा मोठा भाग बदलायचा असेल आणि घरात काटेकोरपणे काम करणारी दोन माणसे असतील, तर एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ घ्यावे. हार्डनरची बाटली प्रत्येक वेळी लगेच घट्ट बंद करावी आणि ज्या हंगामात काम होणार आहे, तेवढ्यापुरतेच रसायन विकत घ्यावे.