विस्कॉन्सिनमध्ये टर्कीची शिकार: ‘गो वाइल्ड’वरून परवाना काढायचा असेल तर

वसंतातल्या रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीची तयारी इथे ऐन थंडीत सुरू होते, कारण परमिटच्या सोडतीच्या अर्जाची शेवटची तारीख १० डिसेंबर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची ‘गो वाइल्ड’ ही ऑनलाइन सेवा मी वापरतो आणि बिनधास्त पाचपैकी पाच देतो.

राज्याचे सात झोन, आणि एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारपासून सात-सात दिवसांचे सहा कालावधी, ए ते एफ. परमिटवर जो झोन आणि जो कालावधी, तिथेच आणि तेव्हाच शिकार करायची. म्हाडाच्या सोडतीसारखंच हे, फक्त नंबर लागला नाही तरी उरलेली परमिटं मार्चमध्ये विक्रीला येतात. एका मोठ्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने मला ठामपणे सांगितलं होतं की परमिट राज्यभर चालतं. अजिबात चालत नाही. असल्या सल्ल्यावर विसंबू नका, खात्याची नियमपुस्तिका स्वतः वाचा.

नवख्यांनी पहिल्या आठवड्याच्या मागे लागू नये. तेव्हा थंडी असते, कधी बर्फही, आणि नराभोवती माद्या असल्यामुळे तो तुमच्या आवाजाला दाद देत नाही. मे महिन्यात माद्या अंड्यांवर बसू लागल्या की एकटा पडलेला नर बॉक्स कॉलवरचा, म्हणजे घासून आवाज काढायच्या लाकडी डबीवरचा, मादीचा आवाज ऐकून चालत येतो. मी डी कालावधी मागतो. वसंतात फक्त दाढीवाला पक्षी मारता येतो. दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा काळ्या राठ पिसांचा झुपका. तो स्पष्ट दिसल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही. आणि अंगावर लाल, पांढरा, निळा रंग नको. नराचं डोकं नेमकं त्याच रंगांचं असतं.

१ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. शिवाय परवान्यासोबत टर्की स्टॅम्प, म्हणजे टर्कीसाठीची वेगळी सशुल्क मंजुरी, घ्यावा लागतो, आणि ते पैसे मला कधीच जड वाटत नाहीत. या राज्यातून टर्की पार नाहीशी झाली होती. १९७६मध्ये मिसुरी राज्यातून पक्षी आणून व्हर्नन काउंटीत सोडले, बदल्यात मिसुरीला रफ्ड ग्राउस हे रानकोंबडीसारखे पक्षी दिले. १९८३मध्ये वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली. स्टॅम्पचा पैसा टर्कीच्याच कामी लागतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्यासारख्यांना शिकार म्हटलं की चोरटी शिकारच आठवते. घरच्यांनी विचारलं तर हा इतिहास जरूर सांगा.

पक्षी मिळाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करायची. परमिटवरचा नंबर जवळ असला की काम झालं.

खाजगी जमिनीवर जायचं असेल, तर मालकाला पेरणीची घाई सुरू होण्याआधीच भेटा आणि गाडी कुठे लावायची तेही तेव्हाच विचारून घ्या.