दहावीनंतर धंदाही हवा आणि वेबसाइटही: कॉमर्स-आयटी, किमान कौशल्य, कोपा की डिप्लोमा?

दहावीचा निकाल लागला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "कॉमर्स घे, पुढे काहीही करता येतं" आणि "कॉम्प्युटरचं काहीतरी कर, त्यालाच भाव आहे." काही मुलांना ही दोन्ही पटतात. हिशेब, विक्री, दुकानदारी यात रस असतो आणि वेबसाइट बनवायचीही हौस असते. हा आढावा त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. नीट-जेईईच्या रांगेत उभं राहायचं पक्कं असेल तर यातलं फारसं उपयोगी नाही.

महाराष्ट्रात अशा मुलांपुढे मुख्य वाटा चार. अकरावी-बारावी कॉमर्समध्ये आयटी विषय घेणं, उच्च माध्यमिक व्यावसायिक अभ्यासक्रम (म्हणजे अजूनही सगळे ज्याला एमसीव्हीसी किंवा किमान कौशल्य म्हणतात तो), आयटीआयमधला कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स), आणि पॉलिटेक्निकचा कॉम्प्युटर किंवा आयटी डिप्लोमा. माझा कल आधीच सांगून टाकतो: दोन्हींत रस आहे पण अजून काही पक्कं नाही, अशा मुलाने कॉमर्स-आयटी घ्यावं आणि गणित सोडू नये. बाकीच्या तीन वाटा वाईट नाहीत. त्या जास्त नेमक्या आहेत, आणि नेमक्या वाटेवर परत फिरायला त्रास होतो.

कॉमर्स आणि आयटी

बीके (बुक-कीपिंग), ओसी (वाणिज्य संघटन), इको (अर्थशास्त्र) हे ठरलेले. त्यांच्या जोडीला एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस) किंवा गणित, आणि इंग्रजी. आयटी सहसा दुसऱ्या भाषेच्या जागी घेतात. म्हणजे व्यवहारात आयटी घेतलं की मराठी किंवा हिंदी सुटते. हे फार कमी पालकांना आधी कळतं. पुढे मराठीतून मजकूर लिहिण्याचं काम करायचं असेल तर याचा विचार आधीच करा, कारण वेबसाइटवर रंग आणि कोड असतो तितकाच मजकूरही असतो.

राज्य मंडळाच्या आयटीची परीक्षा 80 गुणांची, कॉम्प्युटरवर बसून द्यायची, आणि 20 गुणांचं प्रात्यक्षिक. "मार्क पडणारा विषय" अशी त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. अभ्यासक्रमही कागदावर चांगला आहे: वेबपान बनवायला लागणारं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, आणि सर्च इंजिनमध्ये साइट वर कशी आणायची याची ओळख. सायन्सच्या आयटीत पीएचपी, म्हणजे सर्व्हरवरचं प्रोग्रामिंगसुद्धा आहे. कॉमर्सच्या आयटीत हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हणून जीएनयूखाता येतं. ते फुकट आणि मुक्त आहे. पण बाजारात सीएच्या ऑफिसात जाल तर समोर टॅली उघडलेली दिसेल. जमा-नावे कळलं असेल तर एकावरून दुसऱ्यावर जाणं अवघड नाही, हेही खरं.

गोम आहे ती प्रात्यक्षिकात. त्यातल्या ठरलेल्या कामांना मुलं एसओपी म्हणतात. एक नमुना बघा: पानावर दोन बटणं ठेवायची, आणि पहिल्या बटणावर नुसता माउस नेला, क्लिक न करता, तरी पानाचा रंग बदलायला हवा. पाच-सहा ओळींचं जावास्क्रिप्ट. राज्यभर हजारो मुलं हेच पान करतात, त्यातली बरीचशी कोड पाठ करून जर्नलमध्ये उतरवतात आणि पूर्ण गुण घेतात. ज्या मुलीने तेच पान घरी उघडून "रंगाऐवजी चित्र बदललं तर?" एवढं करून पाहिलं, तिला हा विषय कळला. कॉलेज निवडताना म्हणून विचारायचं ते हे: लॅबमध्ये एका मशीनवर किती जण बसतात? तास सोडून लॅब उघडी असते का? आयटीची वेगळी फी किती? बऱ्याच ठिकाणी हा विषय विनाअनुदानित चालतो, तेव्हा अनुदानित कॉलेजातही त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात.

आता गणिताचं. एसपी सोपं म्हणून गणित सोडणारी मुलं बारावीनंतर अडतात. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीला बारावीत गणित लागतं, कॉमर्सवाल्यांनाही. बीसीए किंवा बीबीएला गणिताची अट आड येत नाही, पण तिथे 2024 पासून राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी आहे आणि तिच्यातही आकडेमोड, तर्क आलेच. दोन वर्षं गणिताचा सराव राहिला तर ही दोन्ही दारं उघडी राहतात.

कॉमर्समध्येच बायफोकल नावाची एक उपवाट आहे. दुसरी भाषा आणि आणखी एक विषय यांच्या जागी 200 गुणांचा एकच विषय: बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट, मार्केटिंग अँड सेल्समनशिप, किंवा लघुउद्योग व स्वयंरोजगार. धंद्याकडे ओढा जास्त आणि वेबचं बाहेरून शिकायची तयारी असेल तर मार्केटिंगचा बायफोकल मला आयटीइतकाच मोलाचा वाटतो. तो सगळीकडे मिळत नाही, एवढंच.

किमान कौशल्य

या वाटेला उगाच कमी लेखतात. "कुठेच नंबर लागला नाही म्हणून एमसीव्हीसी" असं नातेवाईक बोलतात, आणि मुलगा दोन वर्षं खाली मान घालून फिरतो. प्रत्यक्षात हीही बारावीच आहे, मंडळाची. इंग्रजी, एक भारतीय भाषा, पायाभूत अभ्यासक्रम, आणि निवडलेल्या व्यवसायाचे तीन पेपर. शिवाय खऱ्या जागी जाऊन काम करण्याचं प्रशिक्षण. इथे मराठी सोडावी लागत नाही, हा आयटीच्या तुलनेत फायदाच.

अकाउंटिंग आणि ऑफिस मॅनेजमेंट, मार्केटिंग आणि रिटेल, बँकिंग-विमा हे धंद्याकडचे कोर्स. कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी हा मशीनकडचा. दोन्ही एकत्र मात्र मिळत नाहीत, आणि वेब डिझाइन म्हणून वेगळं हाती फारसं लागत नाही. बारावीनंतर अप्रेंटिस कायद्याखाली टेक्निशियन (व्होकेशनल) म्हणून एक वर्षाची उमेदवारी करता येते, स्टायपेंडसह. घरी लवकर पैसे यायला हवे असतील तर ही बाजू तोलून पाहा.

कोपा

कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड. ऑफिसची सगळी सॉफ्टवेअर्स, एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, डेटाबेस, हिशेब, सायबर सुरक्षितता. इतक्या कमी वेळात इतकं दुसरीकडे कुठे बसवलेलं नाही, आणि सरकारी आयटीआयची फी परवडते. दिवसाचा बराच वेळ मशीनसमोर जातो, त्यामुळे हात बसतो. कोपा झालेली मुलं आपले सरकार सेवा केंद्रात, पतसंस्थेत, दवाखान्याच्या काउंटरवर, कंत्राटी डेटा एंट्रीवर दिसतात. स्वतःचं सेवा केंद्र टाकणारीही दिसतात.

अडचण अशी की एका वर्षात सगळ्यालाच हात लावायचा म्हणजे खोल कशातच जाणं होत नाही. आणि दहावीनंतर लगेच कोपा घेतला तर वर्ष संपल्यावर बारावी नाही. माझं मत: कोपा करायचाच तर बारावी कॉमर्सनंतर करावा. तेव्हा तो वर्षभराचा हातखंडा कोर्स ठरतो. सोळाव्या वर्षी केला तर पुढचं शिक्षण बहुतेकदा लांबतं.

डिप्लोमा

तीन वर्षं, तंत्रशिक्षण मंडळाचा, दहावीला 35 टक्के असले तरी पात्र. सरकारी पॉलीत त्या टक्क्यांवर कॉम्प्युटर मिळेल अशी आशा मात्र धरू नये. वेबसाइट बांधण्याच्या बाबतीत चारही वाटांत हीच सर्वांत खोल जाते. एचटीएमएलपासून सुरुवात, मग जावास्क्रिप्ट, सर्व्हरवरचं प्रोग्रामिंग, डेटाबेस, नेटवर्क, शेवटी प्रोजेक्ट. पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

पण पहिल्या वर्षी गणित आणि विज्ञान आहेच. "सायन्स नको म्हणून डिप्लोमा" असं ठरवून आलेली मुलं तिथेच केटीत, म्हणजे नापास विषय मागे राहून अडकतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं सत्र इंग्रजी पुस्तकांमुळे जड जातं. ते सहसा दुसऱ्या सत्रापर्यंत निवळतं. आणि दीड वर्षाने मन उडालं तर हातात बारावीही नसते, डिप्लोमाही नसतो. धंद्याचं म्हणाल तर उद्योजकता, व्यवस्थापन असा एखादा विषय वाट्याला येतो, तो बहुतेक जण परीक्षेपुरता वाचतात.

एकच काम, चौघांकडे

समजा घरचं फरसाणाचं दुकान आहे आणि दिवाळीआधी ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या आहेत.

डिप्लोमाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला मुलगा ऑर्डरचा फॉर्म बनवेल, ती ऑर्डर डेटाबेसमध्ये साठवेल, पानाचं कोडही नीट लिहील. अर्धा किलो चकली कुरियरने पाठवायचा खर्च भावात धरलाय का, हे त्याला सुचेलच असं नाही. कॉमर्स-आयटीची मुलगी साधं पान आणि फॉर्म करेल. ऑर्डर साठवायला तिला गूगल फॉर्मचा आधार घ्यावा लागेल. पण मार्जिन किती, जीएसटी कुठे लागतो, भाजणी उधार आणली तर पैसा कधी अडकतो, हे ती मांडून दाखवेल. किमान कौशल्याच्या मार्केटिंगवाल्याला पॅकिंग, साठा, गिऱ्हाईकाशी बोलणं येतं. पान तो दुसऱ्याकडून करून घेईल. कोपावाली आलेल्या ऑर्डर एक्सेलमध्ये चढवेल, बिलं काढेल, एक भराभर पान उभं करेल, आणि सगळ्यांत आधी कामाला लागेल.

दुकानाला पहिल्या दिवाळीत कोण उपयोगी पडेल? मला वाटतं कोपावाली. तिसऱ्या दिवाळीत कॉमर्सवाली किंवा डिप्लोमावाला, दुकानाला त्या वेळी काय कमी पडतंय त्याप्रमाणे. आता तर साधं पान एआयची साधनं काही मिनिटांत बनवून देतात, त्यामुळे नुसतं पान बनवता येण्याची किंमत उतरली आहे. ते पान विकेल कसं हे कळणाऱ्याची उतरलेली नाही. माझा कल कॉमर्सकडे आहे त्याचं हेच कारण.

डिझाइन कोण शिकवतं?

खरं सांगायचं तर चौघांपैकी कोणीच नाही. सगळीकडे पान बनवायला शिकवतात, पण ते बघवेल असं करायला शिकवत नाहीत. मराठी साइट्सवर याचा पुरावा रोज दिसतो. इंग्रजी मजकुरासाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला तसंच लावलेलं असतं, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो. 'खरेदी करा' लिहिलेल्या बटणात 'दी'ची वेलांटी वरून कापली जाते. सीएसएसमध्ये एक आकडा बदलला की हे सुधारतं, पण ते दिसायला डोळा लागतो. देवनागरीसाठी नीट आखलेले फाँट फुकट मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फाँट गूगल फाँट्सवर आहेत. दोन्ही लावून एकच पान बघायला सांगा, मुलाची नजर कशी आहे ते कळेल.

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झालेली असेल तर दहावीला ए श्रेणीचे 7, बीचे 5, सीचे 3 वाढीव गुण मिळतात, एवढ्यावरच घरोघरी तिचा विषय संपतो. ज्याला ए श्रेणी मिळाली आहे आणि कॉम्प्युटरही आवडतो त्याने बारावीनंतर उपयोजित कलेच्या पदवीचा विचार जरूर करावा. तिची सीईटी वेगळी असते. बारावी कोणत्या शाखेतून केली हे तिथे गौण आहे.

सीबीएसईच्या शाळेत असाल तर तुलना बदलते. तिथे वेब ॲप्लिकेशन (803) आणि बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन (833) हे कौशल्य विषय आहेत, त्यात वेब ॲप्लिकेशनला 60 गुण लेखी आणि 40 प्रात्यक्षिक; शिवाय आंत्रप्रिन्युअरशिप (066) वेगळा. अकाउंटन्सीसोबत वेब ॲप्लिकेशन ही जोडी कागदावर आपल्या कॉमर्स-आयटीपेक्षाही जुळते, प्रात्यक्षिकाला वजनही दुप्पट. शाळेत शिकवायला माणूस आहे का, हे आधी विचारा. यादीत विषय आहे म्हणजे वर्गात आहे असं नसतं.

एमएस-सीआयटी यातल्या कशालाही पर्याय नाही. ती कॉम्प्युटरची ओळख आहे, सरकारी नोकरीच्या अर्जाला उपयोगी. आणि सहा महिन्यांत "वेब डिझाइन डिप्लोमा" देणाऱ्या खासगी क्लासची फी भरण्याआधी तिथल्या मागच्या तुकडीतल्या मुलांनी केलेल्या, आज चालू असलेल्या साइट्स दाखवायला सांगा. स्क्रीनशॉट नको, पत्ता टाकून उघडायचं.

प्रवेशाचं एक गणित लक्षात ठेवा. अकरावी, आयटीआय आणि पॉलिटेक्निक यांचे प्रवेश तीन वेगळ्या पोर्टलवर, वेगळ्या वेळापत्रकाने होतात. अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया 2025-26 पासून राज्यभर लागू झाली आणि तिथे दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात, पण फॉर्ममध्ये कॉमर्स मिळालं म्हणून आयटी किंवा बायफोकलची जागा मिळाली असं होत नाही; ते कॉलेजात जाऊन आधीच विचारून घ्यावं लागतं. निकालाची वाट न बघता डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, कारण जूनमध्ये सेतू केंद्राबाहेरची रांग आपल्या पसंतीक्रमासाठी थांबत नाही. आणि ठरत नसेल तर तिन्ही ठिकाणी अर्ज भरा. भरलेला अर्ज सोडून देता येतो, हुकलेली तारीख परत मिळत नाही.