रेनॉक्स डीसीआर-२५०: रुईवरचा मावा बघायचा तर हेच

मॅक्रो लेन्सची, म्हणजे बारीक वस्तू मोठ्या टिपणाऱ्या लेन्सची, किंमत ऐकून गप्प बसलेल्यांनी हे भिंग घ्यावं. बाजूचे खटके दाबून लेन्सच्या तोंडावर बसवायचं, बस. ज्या लेन्सच्या तोंडाचा (फिल्टर बसतो तिथला) व्यास ५२ ते ६७ मिलिमीटर, तिच्यावर बसतं. ताकद +८ डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचंच माप, आकडा मोठा तितकं भिंग तगडं). माझ्या ५५-२५० मिलिमीटर झूमवर, २५० ला म्हणजे पूर्ण झूम करून, किडा सेन्सरवर खऱ्याच्या जवळपास दुप्पट उमटतो.

आमच्या कंपाउंडलगतच्या रुईवर पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारे इवलेसे किडे, असतो. नुसत्या डोळ्यांना हळद सांडल्यासारखा. भिंगातून मात्र काळे पाय, मागच्या दोन काळ्या नळ्या, देठात खुपसलेली सोंड, सगळं दिसतं. एक मादी तर चक्क जिवंत पिल्लाला जन्म देताना सापडली! यांच्यात अंडी-बिंडी भानगड नाही.

त्रास आहेच. किडा भिंगापासून साधारण साडेबारा सेंटीमीटरवर हवा, आणि फोकस इतका पातळ की डोळा स्पष्ट तर पाय धूसर. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, लहान करून एफ/११ तरी ठेवा, फोकस जरा जाड होतो. मग उजेड कमी पडतो, म्हणजे फ्लॅश आला, त्याचा उजेड मऊ करायला पुढे ट्रेसिंग पेपर आला. वारा असेल तर कॅमेरा काढूच नका.

फुलपाखरांसाठी घेत असाल तर मात्र राहू द्या, फ्रेममध्ये मावायची नाहीत. त्यांना याचं धाकटं भावंड डीसीआर-१५० बरं, ते +४.८ चं आहे.