ताश्कंदचं स्वस्त हॉटेल : सप्टेंबर ते एप्रिल राहून झाल्यावर

ताश्कंदला चार दिवस फिरून आलेल्यांनी तिथल्या हॉटेलांबद्दल भरपूर लिहून ठेवलंय. खोली नीटनेटकी, नाश्ता पोटभर, मेट्रो जवळ. खोटं त्यात काहीच नाही. पण ही मंडळी बहुतेक एप्रिल-मेमध्ये नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलेली असतात आणि रात्रीचं बाहेर जेवतात. मी सप्टेंबरात उतरलो तो नवरोज, म्हणजे तिथला मार्चमधला नववर्षाचा सण, उरकून एप्रिलात परतलो, मुक्काम एकाच हॉटेलात. इतकं राहिल्यावर माझं मत असं झालंय की तिथलं स्वस्त हॉटेल दोनच गोष्टींवर जोखावं : बॉयलर कसा आहे आणि स्वयंपाकघरात तुम्हाला शिरू देतात का. बाकी सगळं अंगवळणी पडतं.

मी इचलकरंजीचा, एअरजेट मागांच्या, म्हणजे हवेच्या झोतानं आडवा धागा नेणाऱ्या मागांच्या, उभारणीची कामं करतो. उझबेकिस्ताननं कच्चा कापूस बाहेर विकण्यापेक्षा सूत आणि कापड आपल्याकडेच काढायचं मनावर घेतल्यापासून तिकडे गिरण्या उभ्या राहतायत, आणि माग बसवून चालू करून द्यायला बाहेरची माणसं लागतात. आमची साइट शहराबाहेर होती. गिरणीच्या आवारात राहायची सोय होती, पण दिवसभर मशिनरीत काढल्यावर रात्री तरी माणसांत यावं म्हणून मी भत्त्यात बसेल असं हॉटेल चोरसू बाजाराच्या मागच्या जुन्या वस्तीत शोधलं. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. शिवाय तशी हॉटेलं त्या भागात गल्लोगल्ली आहेत.

रस्त्यावरून पाहिलं तर नुसती भिंत आणि एक लोखंडी दार. आत गेलं की फरशीचं अंगण, वर द्राक्षाचा मांडव, मांडवाखाली तापचान, म्हणजे सहा-सात माणसं मांडी घालून बसतील असा लाकडी चौथरा. त्यावर कुर्पाचा अंथरलेल्या असतात. आपली वाकळच समजा, फक्त कापूस भरून फुगवलेली आणि वरून भडक चकचकीत कापडाची. तीन बाजूंना दोन मजली खोल्या आणि चौथ्या बाजूला मालकांचं राहतं घर. २६ एप्रिल १९६६ च्या भूकंपात ताश्कंदचा मधला भाग बसला आणि तिथे रुंद रस्ते, काँक्रीटच्या इमारती असं सोव्हिएत शहर नव्यानं बांधलं गेलं. जुन्या महल्ल्यांचा जो तुकडा शिल्लक आहे त्यात अशी अंगणाची घरं सापडतात, आणि पर्यटक वाढल्यापासून त्यातल्या बऱ्याच घरांची हॉटेलं झालीत. त्यामुळे तुम्ही हॉटेलात कमी आणि कुणाच्यातरी घरी जास्त राहता. याचे फायदे आहेत, आणि रात्री उशिरा आलात की दार उघडायला मालकांचे वडील स्वेटर चढवत येतात तेव्हा थोडी लाजही वाटते.

भाडं ॲपवर २२ डॉलर दिसत होतं. महिन्याच्या बोलीवर नाश्ता धरून १४ ला ठरलं, रोखीनं आणि सोम या तिथल्या चलनात. घासाघीस करायला तिथे कुणी कमीपणा मानत नाही, चहा पाजून करतात. तेव्हा डॉलरला साडेबारा हजारांच्या आसपास सोम मिळायचे, म्हणजे महिन्याचं भाडं पन्नास लाखांच्या वर जायचं. पहिल्या महिन्यात गादीवर नोटा मांडून मोजताना मी घरी फोटो पाठवला होता.

फोटोंवर मात्र जाऊ नका. मला आधी दिलेल्या खोलीत छान जड पडदा होता. तो सरकवला तर पलीकडे बोळ, आणि बोळातून जाणारा-येणारा थेट खोलीत बघणार. ॲपवरच्या फोटोत पडदा लावलेलाच आहे. तक्रार केल्यावर आठवड्याभरात अंगणाकडची वरची खोली मिळाली. पलंग ठीक, उशी दगड, न्हाणीघर इतकं आखूड की आंघोळ केली की कमोडही धुऊन निघतो. जेट स्प्रे नव्हता. मी चोरसूतून प्लास्टिकचा मग आणला. आपली जाड तीन पिनांची जोडणी तिथल्या सॉकेटात बसत नाही, दोन गोल पिनांची बसते. वाय-फाय चांगलं होतं, घरी व्हिडिओ कॉल कधी अडला नाही. घड्याळ आपल्या फक्त अर्धा तास मागे, त्यामुळे घरच्यांना रात्री जागवावंही लागत नाही.

आता बॉयलर. ताश्कंदच्या मोठ्या इमारतींना उष्णता शहराच्या मध्यवर्ती केंद्रांतून नळानं येते. जुन्या वस्तीतल्या घरांचा मात्र स्वतःचा गॅसचा बॉयलर असतो, त्याला ते कोत्योल म्हणतात. याचा फायदा असा की गारठा लवकर आला तर शहराची वाट बघावी लागत नाही, मालकानं खटका दाबला की खोल्या तापल्या. अडचण अशी की थंडी कडक पडली की सगळं शहर एकदम गॅस ओढतं आणि दाब उतरतो. जानेवारी २०२३ मध्ये तापमान उणे वीसच्या आसपास गेलं, गॅस आणि वीज दोन्हींची बोंब झाली आणि शहराच्या महापौरांना पदावरून काढलं गेलं. तिथल्या कुणाशीही हवेबद्दल बोलायला लागा, गाडी त्या जानेवारीवर येतेच. आमच्या मालकांनी त्यानंतर प्रत्येक खोलीला तेलाचा एकेक हीटर आणि गच्चीखाली एक लहान डिझेल जनरेटर घेतला होता. जनरेटर सगळे हीटर ओढू शकत नाही, त्यावर फक्त दिवे आणि बॉयलरचा पंप. हे त्यांनी अक्कलहुशारीनं केलंय, कारण गॅस असला तरी वीज गेली की पंप थांबतो, पाणी फिरत नाही आणि रेडिएटर गार पडतात. जनरेटर आहे का एवढंच विचारून थांबू नका. त्यावर पंप चालतो का, ते विचारा.

डिसेंबरात माझ्या खोलीतला रेडिएटर खाली गरम आणि वर थंडगार. हे हवा अडकल्याचं लक्षण. रेडिएटरच्या वरच्या टोकाला एक बारका स्क्रू असतो, तो अर्धा आटा सोडला की फुस्स करून हवा सुटते, मग काळं पाणी थेंबथेंब यायला लागतं, आलं की लगेच आवळायचा. खाली वाटी धरायची, नाहीतर फरशीवर तो डाग बसतो तो बसतोच. मी ते केल्याचं रात्रपाळीच्या पोरानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला सगळ्या वरच्या मजल्यावर फिरवलं गेलं, आणि तिसऱ्या दिवशी मालकांच्या भावाच्या घरी. त्या बदल्यात माझे कपडे फुकट धुऊन मिळायला लागले. एरवी मशीनच्या प्रत्येक घाण्याला पैसे पडतात, आणि थंडीत कपडे खोलीतच रेडिएटरवर वाळवायचे.

थंडीतली दुसरी गोष्ट धूर. कोळसा जळतो, वारा नसतो, सकाळी घसा खवखवतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी डिसेंबर-जानेवारी टाळावा किंवा मास्क घेऊन जावं. अंगणाची हवा म्हणून काही वेगळी नसते.

नाश्ता रोज तोच : नान, उकडलेली अंडी, सोसिस्का म्हणजे उकडलेले सॉसेज, चीज, काकडी-टोमॅटो, जर्दाळूचा जॅम, हिरवा चहा. महिनाभरानं अंडं बघवेना. पण नानाचा कंटाळा मला शेवटपर्यंत आला नाही. गोल, जाड काठाची, मध्ये दाबून चेकिच नावाच्या टोकदार ठशानं नक्षी टोचलेली, तंदूरमधून पहाटे आलेली. ती सुरीनं कापत नाहीत, यजमान हातानं तोडून सगळ्यांपुढे ठेवतो, आणि पालथी कधीच ठेवत नाहीत. चहा आधी पियालात ओतून तीनदा किटलीत परत ओततात आणि मग पियाला अर्धाच भरून देतात. अर्धा का, तर गरम गरम पुन्हा भरता यावा म्हणून. काठोकाठ भरून आला तर पाहुण्यानं आता आटपतं घ्यावं असा अर्थ, असं मला सांगितलं गेलं. मला कधी आला नाही, हे नमूद करतो.

मी मटण खाणारा माणूस, तरीही रोज रात्री चरबीचं मटण जमेना. प्लोव, शोर्पा, लागमान, मांती, शाशलिक, सगळं चवीचं, आणि सगळ्यात मांस. शाकाहारी माणसाला बाहेर नान, कांदा-टोमॅटोचं अचिचुक, दही आणि भोपळ्याचा सोमसा (तंदुरात भाजलेला समोसा) यांवर दिवस काढावे लागतात. म्हणून स्वयंपाकघर. बुकिंग करताना ॲपवर ‘सामायिक स्वयंपाकघर’ असं लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ पाणी गरम करायची किटली आणि सिंक एवढाच निघतो. आमच्याकडे खरा चार बर्नरचा गॅस होता, पण तो मालकांच्या आईचा. सगळे त्यांना ओपा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. कुकर घरून नेलेलाच होता. चोरसूच्या निळ्या घुमटाभोवती जो बाजार पसरलेला असतो त्यात तांदूळ, मूग, हरभरे, जिरं, कांदे, पिवळी गाजरं, सुकामेवा हवा तेवढा. तूरडाळ, हिंग आणि मोहरी मला तिथे दिसली नाही, ती घरूनच न्यावी. तेल मात्र सरकीचं. उझबेक स्वयंपाकात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. कढईत धूर येईपर्यंत तापवल्याशिवाय त्याचा उग्रपणा जात नाही, हे ओपांनी मला हातवारे करून शिकवलं.

त्या तापलेल्या तेलात मी कांदा-लसूण मसाला टाकला तेव्हा खोकल्याची साथ वरच्या मजल्यापर्यंत पोचली. जर्मन जोडपं अंगणात, मालक दारात, ओपा खिडक्या उघडतायत आणि डोळे पुसत हसतायत. त्या दिवसापासून नियम झाला : डाळ-भात आत शिजवायचा, फोडणी बाहेर अंगणातल्या चुलीवर. जानेवारीत कानटोपी घालून, एका हातात झाकण धरून मी फोडण्या दिल्या आहेत. पुढे ओपा स्वतः वाटी घेऊन यायच्या, पण त्यात दही कालवूनच खायच्या.

झोपेबद्दल : पर्यटकांच्या मोसमात पहाटेची झोप विसरा. समरकंदला जाणारी अफ्रोसियोब ही वेगवान गाडी सकाळी लवकर सुटते. ती गाठायची म्हणून पाच-साडेपाचपासून फरशीवरून बॅगांची चाकं खडखडत जातात. भिंती जाड, दारं पातळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शांतता असते.

नोंदणीबाबत काटेकोर राहा. परदेशी माणूस कुठे उतरलाय याची नोंद तीन दिवसांच्या आत व्हावी लागते. हॉटेल ती ऑनलाइन करतं आणि पावती देतं. कुणा ओळखीच्याच्या घरी स्वस्तात राहायचा मोह होतो, पण नोंद राहिली तर दंड जबर आहे. आमच्या हॉटेलात सिस्टीम एकदा अडकली तेव्हा मालकांनी ‘उद्या करू, उद्या करू’ म्हणत दिवस काढले, आणि मी काउंटरपाशी खुर्ची ओढून बसलो तेव्हा ती झाली. पुढच्या आठवड्यात समरकंदला गेलो तर तिथल्या हॉटेलानं आधीच्या नोंदीचा कागद मागितलाच. पावत्या शेवटपर्यंत पासपोर्टात ठेवा.

मेट्रो जवळ, स्वच्छ आणि स्वस्त. १९७७ ची आहे, मध्य आशियातली पहिली. फोटो काढायला २०१८ पर्यंत बंदी होती, आता काढा. शास्त्रीजींचं ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदातच निधन झालं, त्यांच्या नावाचा रस्ता आणि पुतळा तिथे आहे, जाऊन या. आणि टॅक्सीत ‘हिंदिस्तान’ म्हटलंत की राज कपूर, मिथुन यांची नावं ऐकायची तयारी ठेवा. मी तर शेवटी पाकिस्तानी आहे सांगून बघितलं, तरी गाणं लावलंच.

सगळ्यात मोठी तक्रार मार्चमधली. नवरोज आला, बसभर पाहुणे यायला लागले आणि मालकांनी दोन गोष्टी एकदम मांडल्या : भाडं पुन्हा ॲपच्या दरावर, आणि अंगणाकडची खोली ग्रुपसाठी रिकामी करा. महिन्याची बोली तोंडी होती. ज्या माणसाच्या आईनं माझ्यासाठी सुमलाक, म्हणजे नवरोजला करतात ते गव्हाच्या अंकुरांचं गोड, राखून ठेवलं, त्याच माणसाशी मी पायऱ्यांवर उभं राहून ट्रान्सलेटरवरून भांडलो. शेवटी १७ डॉलर आणि खोली तीच, यावर मिटलं. तुम्ही थंडीत बोली करत असाल तर मार्च-एप्रिलचा दरही तेव्हाच कागदावर घ्या, मेसेजवर घेतला तरी चालेल.

कामानिमित्त महिनाभराहून जास्त राहणाऱ्यांना मी असं अंगणाचं हॉटेल डोळे झाकून सुचवीन. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे वडीलधारे बरोबर असतील तर नको, जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. वरच्या मजल्यावरची अंगणाकडची खोली मागा, बॉयलरच्या भिंतीला लागून असेल तर उत्तम, घरघर आठवड्यात सवयीची होते. तळमजल्याची आतली खोली स्वस्त असते, घेऊ नका, फेब्रुवारीत तिच्या भिंतींना ओल येते. उशी घरून न्या.