लँगॉलेन की मिदी? कालव्यावरची एक सुट्टी निवडताना

स्वारगेटजवळ कालव्याच्या पुलावर सिग्नलला थांबलो असताना धाकटीनं विचारलं होतं, "बाबा, यात होडी का नाही चालवत?" खडकवासल्याहून निघून पर्वती, स्वारगेट, हडपसर करत पुढे जाणारा आपला मुठा उजवा कालवा शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी आहे. नाव चढवायची-उतरवायची सोय त्यात नाही. युरोपातल्या जुन्या कालव्यांत ती लॉकमुळे आली. पुढच्या काही वर्षांत आम्ही अशा दोन सहली केल्या, एक वेल्सच्या सीमेवरच्या लँगॉलेन कालव्यावर आणि दुसरी दक्षिण फ्रान्समधल्या कॅनाल द्यु मिदीवर. आता नात्यातलं कोणी ना कोणी विचारतं, एकदाच जमणार आहे, तर कुठे जावं? म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी लॉक. दोन दारांमधली पाण्याची एक खोली समजा. खालून आलात तर होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं आणि वरच्या बाजूची झडप उघडून पाणी आत सोडायचं. होडी पाण्याबरोबर वर येते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की पुढचं दार ढकलता येतं, त्याआधी कितीही जोर लावा, हलत नाही. माझ्या मते निवड इथेच ठरते: हे काम तुमच्या घरातलं कोण करणार?

लँगॉलेनवर सगळं तुम्हीच करायचं. विंडलास नावाची लोखंडी किल्ली फिरवून झडपा उघडायच्या आणि दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ते ढकलायचं. हर्लस्टनहून लँगॉलेनपर्यंत 21 लॉक आहेत. ग्रिंडली ब्रुकला सलग सहा लागतात आणि त्यांतले तीन जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकमेकांना जोडलेले आहेत. शिवाय काही उचलायचे पूलही हातानं चालवावे लागतात. थोरला तेव्हा तेरा वर्षांचा होता. तिसऱ्या दिवसापासून तो लॉक आला की न सांगता उडी मारून पुढे पळायचा. घरी पाण्याची बाटली भरून ठेव म्हणून चारदा सांगावं लागणारा हाच मुलगा.

मिदीवर बहुतेक ठिकाणी लॉक सांभाळणारा माणूस किंवा बटणाची यंत्रणा असते. आपण काठावरच्या खुंटाला दोर अडकवून हातात धरायचा, एवढंच. पण वर चढताना पाणी जोरात घुसतं, होडी हिसके देते, म्हणून दोर धरायला दोन धडधाकट माणसं हवीतच. इथले जुने लॉक मधे फुगीर, अंड्यासारखे आहेत. सरळ भिंत मातीच्या दाबानं ढासळली, तेव्हा पिएर-पॉल रिके यांनी ती कमानीसारखी वळवली. 1666 ते 1681 या काळात त्यांनी तुलूजपासून समुद्राकडे जाणारा हा 240 किलोमीटरचा कालवा उभा केला आणि तो खुला होण्याच्या काही महिने आधी, 1680 मध्ये, ते गेले. डोंगरातलं पाणी साठवायला त्यांनी सां-फेरेओलचं धरण बांधलं. ते ऐकून आमचे बाबा म्हणाले, "म्हणजे यांचं खडकवासलाच की!" बाबांसाठी ही सहल तिथेच वसूल झाली.

पाणी वाहून नेण्याचं नातं लँगॉलेनचंही आहे. हा कालवा 1944 मध्ये कायद्यानं नौकानयनासाठी बंद झाला, पण डी नदीचं पाणी हर्लस्टनच्या जलाशयाकडे नेत असल्यामुळे तो बुजवला गेला नाही. म्हणूनच त्याला हलका प्रवाह आहे आणि लँगॉलेनकडे जाताना होडी संथ वाटते. घाईचा माणूस इथे कंटाळेल. इंग्लंडच्या कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, मिदीवर ताशी 8 किलोमीटर.

लँगॉलेन कालव्यावरचा पाँटकसिल्टेचा जलसेतू बघण्यासाठी मी पुन्हा एवढा खर्च करेन. 1805 चं, टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांचं बांधकाम. 307 मीटर लांब लोखंडी पन्हळीतून होडी डी नदीच्या 38 मीटर वरून जाते. एका बाजूला पायवाट आणि कठडा, तर दुसऱ्या बाजूला फक्त पन्हळीची कड आणि खाली दरी. आमच्या सौ.नी तेवढा वेळ दोन्ही मुलांना आत बसवलं आणि ते योग्यच होतं.

होड्याही वेगळ्या. इंग्लंडची नॅरोबोट जेमतेम 2 मीटर रुंद, पीएमपीच्या बसपेक्षा अरुंद. आतून एकामागून एक चालायचं, सुकाणू मागे उघड्यावर आणि दांडा डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं. पहिला तास हात चुकतो. पावसात सुकाणूवाला भिजतो. मिदीच्या भाड्याच्या होड्या रुंद असतात आणि त्यांना गाडीसारखं चाक असतं. आईच्या गुडघ्यांना तिथे फारच बरं पडलं. परवाना दोन्हीकडे लागत नाही, निघताना चालवायचं शिकवतात.

एक चूक आमच्याकडून झाली. खाली उतरताना मी दोर खुंटाला घट्ट बांधला. पाणी उतरत गेलं, दोर ताणला आणि होडी तिरकी होऊ लागली. काठावरून जाणाऱ्या एका बाईंनी ओरडून सांगितलं, झडप बंद करा! दोर कधीही गाठ मारून ठेवायचा नाही, हातात धरून सैल सोडत जायचा. उतरताना होडीचा मागचा भाग वरच्या दाराजवळच्या दगडी उंबऱ्यावर अडकू नये, म्हणून तिथली खूण मागे टाकून पुढे थांबायचं. मुलांना लाइफ जॅकेट उठल्यापासून झोपेपर्यंत.

सुट्ट्यांचं गणित आपल्या शाळांप्रमाणे मांडा. मे महिना दोन्हीकडे उत्तम. लँगॉलेनला तेव्हाही स्वेटर लागतो, मिदीवर ऊन सुखाचं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये मिदीवर गर्दी असते आणि लॉकपाशी रांगा लागतात. दुपारी लॉक जेवणासाठी तासभर बंद होतात, तेव्हा आपणही जेवून घ्यावं. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका, हंगाम संपत आलेला असतो. मिदीच्या काठावरच्या प्लेन (चिनारच्या जातीच्या) झाडांची सावली फोटोंत बघून भुलला असाल तर एक सांगतो: बुरशीच्या रोगामुळे 2006 नंतर हजारो झाडं तोडावी लागली आहेत. काही टप्प्यांवर ऊन थेट डोक्यावर येतं.

व्हिसा वेगवेगळा लागतो. पॅरिस किंवा स्वित्झर्लंड जोडायचं असेल तर मिदी सोयीचं. होडीचं भाडं माणशी नसतं, पूर्ण होडीचं असतं, सहसा आठवड्याचं. डिझेल त्यात धरलंय का, ते आधी विचारा. होडीत गॅस आणि फ्रिज असतो, त्यामुळे पिठलं-भात रोज होतो. भाजणी, पोहे, बाकरवडी न्या. तूप आणि बर्फी नको, दुधाचे पदार्थ दोन्हीकडे नेता येत नाहीत.

मुलं पाच-सहा वर्षांच्या आतली असतील तर माझं स्पष्ट मत, दोन्ही नको. अलप्पुळाची हाउसबोट घ्या, लॉक नाही आणि चालवायला माणसं असतात.

आजी-आजोबा बरोबर असतील तर मिदी. मुलं दहाच्या पुढची आणि दोघं मोठे धडधाकट असतील तर लँगॉलेन. आम्हाला पुन्हा जायचंय ते लँगॉलेनलाच. धाकटी आता बारा वर्षांची झालीय आणि विंडलास या वेळी तिच्याकडे, असं तिनं दादाकडून कबूल करून घेतलंय.