४एल६०ई गिअरबॉक्स: रीबिल्ट, बाहेरचा ऑईल कूलर आणि काही महिन्यांचा वापर

तीन लाख किलोमीटर ओलांडलेला पिकअप ट्रक. त्यात रीबिल्ट केलेला, म्हणजे उघडून नव्याने बांधलेला ४एल६०ई (जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक, सोलेनॉइडवर म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हवर चालणारा), नवा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग), रेडिएटरपुढे प्लेटचा ऑईल कूलर आणि पॅनमधल्या (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेलाचं तापमान दाखवणारा गेज. काही महिने रिकामा, भरलेला आणि ट्रेलर जोडून असा सगळा वापर झाल्यावर मत पक्कं झालं आहे. सर्वात जास्त पैसे गिअरबॉक्सवर जातात, पण तो किती टिकणार हे कूलर, त्याच्या नळ्या आणि गेज ठरवतात. जुना कूलर तसाच ठेवून नुसता गिअरबॉक्स बांधून घेणं म्हणजे जुना कचरा नव्या क्लचमध्ये पाठवणं.

मात्र गिअरबॉक्स उतरवण्याआधी नेमकं काय गेलंय ते ओळखा. 'गिअर स्लिप मारतो' या एकाच तक्रारीखाली या गिअरबॉक्सचे तीन अगदी वेगळे आजार येतात.

रिव्हर्स, दुसरा आणि चौथा एकदम गेले, पहिला आणि तिसरा मात्र ठीक चालतात, तर सन शेल (मधल्या सन गिअरला जोडलेला डब्यासारखा भाग) तुटलंय. गेलेल्या तिन्ही गिअरना तेच शेल लागतं. तेल लालच असतं, जळका वास नसतो, म्हणून लोक सोलेनॉइड बदलत बसतात. सोलेनॉइडचा इथे काही संबंध नाही, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना आरपीएम सुटतो, गाडी क्षणभर मोकळी पडते आणि मग गिअर धरतो, तर थ्री-फोर क्लच (तिसरा आणि चौथा गिअर धरणारा) जळत आलाय. तेल काळपट होतं आणि डिपस्टिक नाकाजवळ नेली की जळका वास येतो. या टप्प्यावर तेल बदलून काहीच हाती लागत नाही. प्लेटचं अस्तरच गेलेलं असतं.

तिसरा आजार सर्वात फसवा. कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा (स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचा) दाब ठरवणारा छोटा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमच्या भोकात सतत मागे-पुढे होत असतो. लाखो किलोमीटरनंतर ते भोक झिजतं आणि दाब गळायला लागतो. तेल तापून पातळ झालं की गळती वाढते. म्हणून थंड गाडी छान चालते आणि तासाभराने रंबलरवरून गेल्यासारखी बारीक थरथर सुरू होते. संगणकाला स्लिप दिसली की तो पी१८७० कोड टाकतो, लॉकअप बंद करतो आणि लाईन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या तेलाचा मुख्य दाब) पूर्ण चढवतो. त्यानंतर पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना जो धाडकन झटका बसतो, तो नवा बिघाड नसतो. बाकीचे क्लच वाचावेत म्हणून संगणकानेच दाब वाढवलेला असतो.

लॉकअपची चाचणी सोपी आहे. गाडी पूर्ण तापल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ८० च्या आसपास वेग स्थिर ठेवा. ॲक्सिलरेटर न सोडता ब्रेकचं पेडल फक्त मागचा दिवा लागेल इतकंच दाबा. लॉकअप लागलेला असेल तर तो सुटतो आणि आरपीएम दोन-तीनशेने चढतो, पेडल सोडल्यावर पुन्हा उतरतो. काटा हललाच नाही तर लॉकअप मुळात लागतच नव्हता. झीज फक्त त्या भोकाची असेल तर गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. व्हॉल्व्ह बॉडी (हे व्हॉल्व्ह बसवलेला ठोकळा) खालूनच निघते, भोक रीमरने मोठं करून मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह बसवता येतो. ती खाली घेताना छोट्या गोळ्या घरंगळतात, म्हणून कोणती कुठे बसते याचा फोटो हाताशी ठेवा.

जास्त पळालेल्या गाडीचं तेल बदलावं का, यावर नेहमी वाद होतो. माझं मत असं: तेल तपकिरी झालंय, पण जळका वास नाही आणि स्लिप नाही, तर पॅन उतरवून जरूर बदला. मशीनने दाब देऊन फ्लश करू नका, तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत अडकतो. पॅन उतरवल्यावर ४.७ लिटरच्या आसपास तेल निघतं. कन्व्हर्टरसह पूर्ण कोरड्या गिअरबॉक्सला मोठ्या कन्व्हर्टरवर ११ लिटरच्या आसपास लागतं. तेलाच्या दर्जांमध्ये डेक्सरॉन-सहा जुन्या डेक्सरॉन-तीनच्या जागी चालतं.

पॅन उतरवताना एक चूक हमखास होते. फिल्टर ओढला की त्याच्या मानेवरचं जुनं सील पंपाच्या भोकातच राहतं. त्यावर नवं सील ठोकलं की ते नीट बसत नाही, पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि सुरुवातीलाच रडल्यासारखा आवाज येतो. जुनं सील पातळ स्क्रूड्रायव्हरने आत दुमडून काढा, पण भोकाच्या भिंतीवर ओरखडा येऊ देऊ नका. पॅनचे १६ बोल्ट ११ न्यूटन-मीटरलाच आवळा. जास्त आवळले की पॅनची कड वाकते आणि गॅस्केट गळतं.

रीबिल्ट घेताना कारागिराला थेट विचारा: सन शेल हार्डन केलेलं आहे का, लॉकअपच्या व्हॉल्व्हचं भोक दुरुस्त केलंय का, कन्व्हर्टर नवा आहे का? जळालेल्या क्लचची काजळी जुन्या कन्व्हर्टरच्या आत जाऊन बसते, तो बंद वेल्ड केलेला असल्याने धुऊन साफ होत नाही. या तीन प्रश्नांची गुळमुळीत उत्तरं आली तर दुसरीकडे जा.

आता कूलर. प्लेटचा कूलर थंड चांगला करतो, पण त्याचे मार्ग अरुंद असतात. गिअरबॉक्स जळाल्यावर असा जुना कूलर धुण्याच्या भानगडीत न पडता बदलाच. रेडिएटरमधला कूलर दोन्ही दिशांनी धुऊन घ्या. जोडणीचा क्रम गिअरबॉक्स, रेडिएटर, बाहेरचा कूलर आणि परत गिअरबॉक्स असा ठेवा. होज गिअरबॉक्सच्या तेलासाठीच बनवलेला घ्या, पेट्रोलचा होज तापून कडक होतो आणि चिरतो. स्टीलची नळी कापली असेल तर तिच्या टोकाला उंचवटा काढून घ्या, सरळ टोकावरून होज दाबाने निसटतो आणि काही मिनिटांत सगळं तेल रस्त्यावर येतं. कूलर जाळीतून ओवायच्या प्लॅस्टिक पट्ट्यांनी बांधू नका, घासून भोक पडतं. पत्र्याचे ब्रॅकेट लावा आणि एसीच्या कंडेन्सरपासून सेंटिमीटरभर अंतर सोडा.

शेवटी प्रवाह तपासा. रिटर्न होज डब्यात सोडून इंजिन आयडलवर चालवा, २० सेकंदांत साधारण एक लिटर तेल यायला हवं. कमी आलं तर कुठेतरी अडथळा आहे. इंजिन त्यापुढे चालू ठेवू नका, पंप कोरडा पडेल. डब्यातलं तेल तेवढंच परत भरा.

वापरात सर्वात मोठी सोय गेजची झाली. मोकळ्या रस्त्यावर पॅनचं तापमान ७५ ते ८५ अंश सेल्सिअस राहतं, ट्रेलर घेऊन लांब चढावर ९५ ते १००. ११० दिसला की वेग कमी करायचा आणि १२० च्या जवळ जाऊच द्यायचं नाही, कारण तिथून तेल लवकर खराब होतं आणि सीलं कडक पडतात. चढावर सिलेक्टर तिसऱ्यावर ठेवला की काटा स्पष्ट खाली येतो. चौथ्यात गिअर सारखा वर-खाली होतो, दर वेळी लॉकअप सुटतो आणि सुटलेला कन्व्हर्टर तेल तापवतो. तिसऱ्यात लॉकअप धरून राहतो.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. थंड हवेत तेल तापायला फार वेळ लागतो आणि तोवर लॉकअप उशिरा लागतो. थर्मोस्टॅटचा बायपास (तेल थंड असेपर्यंत त्याला कूलर टाळून नेणारी वाट) असलेला कूलर घेणं जास्त चांगलं. दुसरं म्हणजे रिटर्न नळीतला चुंबकीय फिल्टर. सुरुवातीचा कचरा धरायला तो हवाच, पण तुंबला तर प्रवाह कमी करतो.

म्हणून साधारण १५०० किलोमीटरनंतर तो फिल्टर बदला आणि त्याच वेळी पॅन उतरवून त्यातला चुंबक आणि पॅनचा तळ पाहा. चुंबकावर राखाडी, बोटावर गुळगुळीत लागणारा लेप ठीक आहे. पितळी चकाकी म्हणजे बुशिंग झिजतंय, काळी कणी म्हणजे क्लच, आणि बोटाला टोचणारे स्टीलचे तुकडे दिसले तर गाडी पुढे न चालवता कारागिराला दाखवा. तेल भरल्यावर पातळी मोजायची ती सपाट जागी, पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून आणि तेल ८५ अंशांच्या आसपास तापल्यावर. थंड तेलावर पूर्ण खुणेपर्यंत भरलं तर तापल्यावर पातळी जास्त होते, तेलाला फेस येतो आणि पुन्हा स्लिपसारखीच लक्षणं दिसायला लागतात.